मुळाच्या मातीसकट

"पेंढी नीट धर. लेकराला धरतो तशी."

हवालदार माझ्या बापाला म्हणाला आणि स्वतःच हसला. मग बाकीचेही हसले. मालकाच्या विहिरीजवळच्या शेडपुढं गांजाच्या झाडांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. त्यांच्या मागं माझा बाप उभा. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, छातीशी एक ओली पेंढी. समोर पेपरचा फोटोवाला. बापाची टोपी खाली पडली होती. ती उचलायला तो वाकला, तर एकानं मानगूट धरून त्याला सरळ केलं.

"मान वर घे. तोंड दिसू दे."

मालक तिथंच होते. साहेबाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. चहा चालला होता. त्या चहातलं दूध पहाटे माझ्या बापानंच काढलं होतं. कुणाला आठवण नसेल त्याची, मला आहे.

मी तारेच्या कुंपणापाशी. आठवीत होते. शाळेचा ड्रेस, पाठीला दप्तर. मला कुणी हाकललं नाही, कारण मी कुणाला दिसलेच नाही. बापानं मात्र बघितलं. बघितलं आणि पेंढी जरा वर घेतली, तोंड झाकायला. हवालदारानं ती खाली ओढली.

फोटो छापून आला. वर्गात एकानं तो फळ्याला चिकटवला. त्या दिवसापासून माझं नाव पुडी. ए पुडी, पाणी आण. ए पुडी, बापाला सांग एक दम पाठव. बाई खडू हातात घेऊन ऐकायच्या. एकदा त्यांनाही हसू आलं. ते हसू मी विसरले नाही, विसरणारही नाही.

आता झाडं कुणाची होती ते सांगते.

माझा बाप सालानं ठेवलेला गडी. मालकाचं वावर, मालकाची गुरं, विहिरीवरची पाण्याची मोटार, सगळं तो बघायचा. त्याच्या बदल्यात शेताच्या कडेला पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी जन्मले. मालकांचा नगरला बंगला, पण ऊस इकडं. उसाच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही अशी एक पट्टी मालकांनी मोकळी ठेवायला लावली. मालकांच्या जीपच्या ड्रायव्हरनं बी आणलं. मालकांनी उभं राहून ते टाकून घेतलं. बापानं विचारलं, हे काय. मालक म्हणाले, औषधाचं पीक हाय, तुला काय करायचंय.

माझा बाप काही दूधखुळा नव्हता. झाडं कमरेला आली तेव्हा वास आमच्या खोलीपर्यंत यायचा. त्याला कळलं होतं, आईला कळलं होतं. आई रोज म्हणायची, सोडा हे, दुसरीकडं जाऊ. बाप म्हणायचा, कुठं? नाही म्हणायचं तर खोली सोडायची आणि रस्त्यावर यायचं. म्हणून पाणी देत राहिला. मालकाच्या झाडाला पाणी देणं हेच त्याचं काम होतं.

मग कुणीतरी बातमी दिली आणि धाड पडली. पण पोलिसांच्या आधी मालकच नगरहून हजर. पांढरे कपडे, कपाळाला गंध, चेहरा असा की जणू त्यांच्यावरच आभाळ कोसळलंय. पंच म्हणून सही कुणाची? मालकांच्या मेव्हण्याची.

साहेब म्हणाले, उपट सगळी.

आणि इथं माझ्या बापानं जे केलं ते आमच्यासारखाच माणूस करू शकतो.

आमच्याकडं मेथी-कोथिंबीर बाजाराला न्यायची तर मुळासकट उपटतात. मुळाची माती झटकत नाहीत. थोडी ओली माती राहिली की भाजी सुकत नाही. जुडी बांधायची, वरून पाण्याचा हबका मारायचा, ओलं पोतं झाकायचं. बापाचा सगळा जन्म सोनईच्या बाजाराला अशा जुड्या पाठवण्यात गेलेला. मालकानं, साहेबानं, कुणीही सांगावं, बापाचे हात आपोआप चालायचे. त्यानं ती झाडं तशीच उपटली. एकही मूळ तुटू दिलं नाही. माती राखली. उसाच्या वाढ्यानं, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांनी, पेंढ्या बांधल्या, एकसारख्या. मग विहिरीवरून बादली आणली आणि सगळ्यांवर पाणी मारलं. वर ओली पोती टाकली.

कुणीही सांगितलं नव्हतं. ऊन लागंल, असं म्हणाला फक्त.

एक पोलीस म्हणाला सुद्धा, लई सफाईदार हाय रं तू.

मग कांद्याच्या काट्यावर वजन झालं. खोड, मुळं, चिखल, पाणी, सगळं एकत्र. दोन पेंढ्यांवरची पोतीसुद्धा काढली नाहीत. गांजा म्हणजे त्या झाडाचा शेंडा, फुलोरा. बाकी झाडाला कायदा गांजा म्हणत नाही. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी काट्यावर जे चढलं ते सगळं गांजा झालं. आमच्या विहिरीचं पाणीही.

त्या कायद्यात वजनाची एक रेघ आहे. रेघेच्या खाली असलात तर जामिनाची आशा. रेघेच्या वर गेलात तर तुम्ही मोठे व्यापारी, आणि मग न्यायाधीशाचेही हात बांधलेले. शेंडे खुडून मोजले असते तर बाप रेघेच्या खूप खाली राहिला असता. चिखलानं त्याला वर नेलं. त्यानं स्वतःच्या हातानं, मन लावून, एकेका पेंढीवर पाणी मारून स्वतःला आत घातलं. आणि कागदावर लिहिलं काय? आरोपीनं झाडं सफाईनं उपटली, यावरून त्याला या पिकाचा सराव असल्याचं दिसतं.

कामाचा सराव हा गुन्ह्याचा पुरावा झाला. मालकांना कसलाच सराव नव्हता, म्हणून ते सुटले.

आई मालकांकडं गेली. मी बरोबर होते. नगरचा बंगला. आम्हाला फाटकाच्या आत घेतलं, पायरीवर नाही. त्याच दिवसांत मालकांचा मुलगा विक्रम शिकायला परदेशात निघाला होता. घरात पेढे वाटत होते. बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातावर पेढा पडत होता, आमच्यापुढून ताट तसंच जात होतं. आई नुसती म्हणत होती, मालक, एकदा सांगा, झाडं तुमची हुती. एकदा.

मालक पायरीवरूनच बोलले. "माझी? मी नगरला राहतो. वावर त्याच्या ताब्यात. तूच विचार तुझ्या नवऱ्याला, गांजा ओढायची सवय कधी लागली."

माझ्या बापानं उभ्या आयुष्यात बिडीसुद्धा ओढली नाही.

आई परत फिरली तेव्हा मालक आणखी एक बोलले. खोली रिकामी करा, नवा गडी येतोय. आवाज चढवला नाही. मोटार बंद कर म्हणतात तसं म्हणाले. आम्ही गावातल्या आमच्या वस्तीत, आईच्या मावशीच्या पडवीत गेलो. बाप तुरुंगात गेला.

वकील म्हणायचे, कायदाच तसा आहे. देशोदेशींनी मिळून करार केले, नशेविरुद्ध लढाई पुकारली, म्हणून आपल्याकडंही असा कडक कायदा आला. मोठे मासे पकडायला आणलाय म्हणे. मी कोपऱ्यात बसून ऐकायची. मोठा मासा म्हणजे माझा बाप. पायात चप्पल नसलेला.

अर्ज फेटाळला. पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. कारण एकच, वजन. भेटीला गेलं की जाळीपलीकडून बाप शेरडांचं विचारायचा, माझ्या शाळेचं विचारायचा. शेवटी दर वेळी तेच एक वाक्य.

"त्यानी यकदा म्हनावं. बास. बाकी काय न्हाई मागत मी."

सुटका नको म्हणायचा असं नाही. पण सुटकेच्या आधी त्याला ते हवं होतं. झाडं माझी होती, गडी नुसता पाणी देत होता, एवढं मालकानं चार माणसांत म्हणावं. ज्याच्याकडं जन्मभर राबलो त्यानं आपल्याला चोर म्हणून पुढं करावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. माझ्या उतरलं होतं. मला मालकाच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं. मला मालकाला त्या पेंढ्यांमागं उभं बघायचं होतं, अनवाणी.

मी त्या रागावर शिकले. लोक म्हणतात शिक्षणानं राग निवतो. माझा निवला नाही, त्याला भाषा आली. इंग्रजी मी मुद्दाम घेतलं. कोर्टातले कागद इंग्रजीत असायचे आणि वकील त्यातलं निम्मंच सांगायचे. बाप बाहेर आला तेव्हा माझं कॉलेज संपत आलं होतं. निकालात जज म्हणाले, मुळं आणि माती वजनात धरायला नको होती, नमुने नीट घेतले नाहीत, पंच विश्वासार्ह नाही. आरोपीला संशयाचा फायदा. एवढी वर्षं लागली त्यांना माती झटकायला.

संशयाचा फायदा. ऐकायला बरं वाटतं, पण गावात त्याचा अर्थ वेगळा. सुटला, पण केलं असणारच. अजूनही पारावर कुणीतरी तोंडाशी मूठ नेऊन चिलीम ओढून दाखवतो. बापाला कुणी कामावर घेतलं नाही. मी नगरला ज्युनिअर कॉलेजात लागले तेव्हा दोघांना घेऊन आले. भिंगारकडं दोन खोल्या आहेत आमच्या. बाजारातून मेथी आणली की बाप ती आधी बाहेर नेतो आणि झटकत बसतो. मुळं पांढरी होईस्तोवर. आई म्हणते, अहो पुरे, पानं गळतील. तो ऐकत नाही.

मागच्या हिवाळ्यात विक्रम आमच्या दारात आला.

गाडी गल्लीत मावत नव्हती, म्हणून चालत आला. दाढी राखलेली, खादीचा कुर्ता, मनगटाला मण्यांची माळ. आधी बापाच्या पाया पडला. काका म्हणाला. बाप गडबडला, उठून उभाच राहिला. मालकाचा मुलगा पाया पडतोय हे त्याच्या डोक्यात बसेना. आई चुलीसमोरून हलली नाही. मी म्हटलं पाणी दे, तर म्हणाली, "हंडा रिकामा हाय." हंडा काठोकाठ भरलेला होता.

विक्रम ज्या देशात शिकला तिथं आता गांजा दुकानात मिळतो. पावती मिळते. काचेच्या कपाटात बरण्या मांडलेल्या असतात, असं त्यानंच कौतुकानं सांगितलं. जगभर विचार बदलतोय म्हणाला. परिषदा होतायत, शिक्षेनं काही साधलं नाही हे मोठेमोठे देश कबूल करतायत. गांजाच्याच जातीच्या भांगेच्या झाडापासून कापड होतं, तेल होतं, औषध होतं. त्यानं कंपनी काढली होती. सरकारची परवानगी आज ना उद्या मिळणारच, आणि मिळाली की आपल्या जिल्ह्यात पहिलं पीक त्याच्याच वावरात. त्यासाठी नगरला मोठा मेळावा घेतोय. परदेशातून एक बाई येणार आहेत, कायद्याच्या अभ्यासक. आणि तिथं काकांचा सत्कार करायचाय.

"कसला सत्कार?" मी विचारलं.

"या काळ्या कायद्याचे बळी आहेत ते, ताई. लोकांना चेहरा दिसला पाहिजे."

चेहरा. मी त्याला हाकलणारच होते, तेवढ्यात बाप बोलला. हळू, खाली बघत.

"झाडांचं सांगशील का? कुनाची हुती ते?"

विक्रमनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सगळं सांगतो काका. त्यासाठीच तर बोलावतोय."

बापाचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं काहीतरी सैल झाल्यासारखा. तो रात्रभर जागा होता हे मला माहीत आहे, कारण मीही होते.

जाता जाता विक्रमला कळलं की मी इंग्रजी शिकवते. लगेच म्हणाला, मग पाहुण्यांचं आणि माझं भाषण तुम्हीच मराठीत सांगा ना. व्हिडिओ परदेशात दाखवायचाय म्हणून मी इंग्रजीत बोलणार. आपल्या माणसांना आपल्या माणसानं सांगितलेलं बरं. मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण माईक माझ्या हातात येणार होता. माझा विक्रमवर काडीचा विश्वास नव्हता. आईचाही नव्हता. मेळाव्याला निघताना ती मला एवढंच म्हणाली, "माईक सोडू नको म्हंजी झालं."

बापानं पांढरा पायजमा इस्त्री करून आणला. नवी टोपी घेतली.

हॉल भरलेला. बहुतेक शेतकरी, गावोगावून टेम्पोनं आणलेले. पुढच्या सोफ्यावर मालक बसले होते. म्हातारे झालेत, हातात काठी, पण बसणं तसंच. बापानं त्यांना बघितलं आणि हात जोडले. मालकांनी मान हलवली, गड्याला हलवतात तेवढीच.

आधी परदेशी बाई बोलल्या. खरं सांगते, चांगलं बोलल्या. त्यांच्या देशात वर्षानुवर्षं गरिबांना, काळ्या लोकांना या झाडापायी आत टाकलं. आता कायदा बदलला, दुकानं उघडली. पण दुकानं कुणाची? ज्यांनी कधी एक रात्र कोठडीत काढली नाही त्यांची. जे आत गेले होते त्यांच्या नावावर डाग, म्हणून त्यांना परवाना मिळेना. बाई म्हणाल्या, कायदा बदलताना आधी यांचा हिशोब करा. मी एकेक शब्द मराठीत सांगितला. समोर मालक डुलक्या घेत होते. मागून कुणीतरी विचारलं, ते जाऊ द्या, भाव काय मिळंल?

मग सत्कार. शाल, श्रीफळ. आणि पुष्पगुच्छाऐवजी विक्रमनं उत्तरेकडून मागवलेली भांगेच्या वाळक्या काड्यांची पेंढी, लाल रिबिनीनं बांधलेली. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल ते. बापाला काही कळायच्या आत ती त्याच्या हातात दिली. फोटोवाला पुढं आला.

"काका, पेंढी जरा वर धरा. हां. चेहरा दिसू द्या."

बापानं वर धरली. टाळ्या वाजल्या. मी शेजारी उभी होते. माझ्या कानात टाळ्या नव्हत्या. तारेचं कुंपण होतं, चहाचे कप होते, आणि ते हसणं होतं. बापानं पेंढी तशीच वर धरून ठेवली होती. पण तो हसत होता. कारण अजून ते वाक्य यायचं होतं.

विक्रम माईकवर गेला. इंग्रजीत सुरू केलं. आमचं घराणं, आमची माती, शेतकऱ्याचं भविष्य. मी सांगत गेले. मग त्यानं बापाकडं हात केला आणि जे म्हणाला ते मी इथं मराठीत देते, जसंच्या तसं:

"आमच्या शेतावर हा एक गरीब, निरक्षर मजूर होता. आपल्या छोट्याशा व्यसनासाठी त्यानं गुपचूप थोडी झाडं लावली. माझ्या वडिलांना फार धक्का बसला, पण त्यांनी मोठ्या मनानं त्याला क्षमा केली."

परदेशी बाईंनी छातीवर हात ठेवला. विक्रम थांबला, माझ्याकडं बघितलं. माझी पाळी.

बापही माझ्याकडं बघत होता. खांद्यावर शाल, हातात पेंढी, तोंडावर तेच हसू. त्याला इंग्रजी येत नाही. त्याला वाटलं, झालं. म्हणाला एकदाचा. आता पोरगी मराठीत सांगणार आणि मालकासमोर, एवढ्या माणसांत, आपण ऐकणार. त्यानं मान जरा पुढं काढली, नीट ऐकू यावं म्हणून.

विक्रमची खात्री होती मी सांगेन. सौम्य करून का होईना, गिळून का होईना, सांगेन. आमच्या लोकांनी इतकी वर्षं त्यांचं सगळं गिळलं, हेही गिळतील. नोकरी आहे हिला, चार माणसांत इज्जत आहे, ही काय करणार? आणि मला क्षणभर मोह झाला, खोटं सांगायचा. म्हणायचं, विक्रम म्हणाले झाडं त्यांच्या वडिलांची होती. बाप सुखानं घरी आला असता. पण ते मालकांच्या तोंडचं झालं नसतं. ते मी बापाला दिलेलं खेळणं झालं असतं, आणि मालक पुन्हा एकदा मोकळे सुटले असते.

"हे म्हणाले ते मी सांगणार नाही," मी मराठीत म्हटलं. "ते खोटं आहे."

मघाशी भाव विचारणारा मागून उठून उभा राहिला.

"झाडं यांच्या वडिलांची होती. ते बसलेत समोर. बी यांच्या जीपमधून आलं. पंच यांचा मामा होता. माझ्या बापानं पाणी दिलं, कारण त्यांनी सांगितलं. उपटली, कारण साहेबांनी सांगितलं. चिखल मोजून त्याला आत टाकला, आणि आज त्याच झाडाची पेंढी त्याच्या हातात देऊन हा पोरगा आपलं दुकान मांडतोय."

माईक बंद झाला. कुणीतरी वायर उपटली. उपटू द्या. माझा आवाज रोज शेवटच्या बाकापर्यंत जातो, मला माईक लागत नाही. मी बाईंकडं वळले आणि सगळं इंग्रजीत सांगितलं, विक्रम काय म्हणाला आणि मी काय म्हटलं ते. त्या उठून उभ्या राहिल्या. विक्रमचा व्हिडिओवाला अजून चित्रण करत होता, त्याला बंद कर म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मालक उठले. काठी माझ्याकडं केली.

"कुनाच्या अन्नावर वाढलीस गं?"

"माझ्या बापाच्या," मी म्हटलं. "तुम्हीही त्याच्याच."

बाप मध्ये आला. त्याला आता सगळं कळलं होतं. हसू गेलं होतं. पेंढी हातातच होती. मला वाटलं मला गप्प करील, मालकांपुढं गप्प बसायची आयुष्यभर सवय आहे त्याला. तो मालकांच्या समोर जाऊन उभा राहिला. हात जोडले नाहीत.

"मालक, यकदा म्हना. एवढी मानसं हायेत. म्हना, झाडं माझी हुती."

मालकांनी तोंड फिरवलं. काठी टेकत चालू लागले. विक्रम मागं धावला. बाप बघत राहिला, दारातून पार दिसेनासे होईपर्यंत. मग खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, नीट, टोकाला टोक लावून. ती मालकांच्या रिकाम्या सोफ्यावर ठेवली. वर नारळ ठेवला. पेंढी मात्र ठेवली नाही. ती बगलेत घेतली आणि रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसला.

घराच्या वळणावर म्हणाला, "आता नको म्हनू दे त्याला. आता त्याच्या म्हनन्याची गरज न्हाई मला."

मी विचारलं, मग काय हवंय?

"त्याला उभा कर," माझा बाप म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून मी असं ऐकलं.

त्यानंतर विक्रमच्या वकिलाची नोटीस आली, बदनामीची. कॉलेजात बोलावून विचारलं, तुम्ही कार्यक्रमात गोंधळ घातला का. घातला, म्हटलं. माझी नोकरी राहील की जाईल ते अजून ठरायचंय. शहाणी माणसं भेटून जातात. म्हणतात, अगं तो मुलगा कायदा बदलायला निघालाय, तुझ्या बापासारख्यांचंच भलं होईल, तू आडवी का येतेस? एक जण म्हणाले, सूड घेऊन काय मिळतं?

काय मिळतं ते मिळाल्यावर सांगेन.

कायदा बदलायला हवा हे मला यांनी शिकवायची गरज नाही. चिखलाच्या वजनावर माणसाला कोंडणारा कायदा मोडलाच पाहिजे. पण मोडून त्याच्या लाकडाचं दुकान मालकाच्या पोरानं बांधायचं नाही. कायदा कडक होता तेव्हा मालकाच्या जागी माझा बाप. कायदा सैल होणार म्हटल्यावर बापाच्या जागी मालकाचा पोरगा. दोन्ही वेळेला मालकांच्याच घरानं सुटायचं? मला कायदाही बदलून हवाय आणि मालकही पिंजऱ्यात हवेत. तुम्हाला हे दोन्ही एकत्र पटत नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

मालकांचा तो जुना ड्रायव्हर, ज्यानं बी आणलं, आता राजूरला लेकीकडं असतो. त्याचा पत्ता मी काढलाय. रविवारच्या एसटीनं जाणार आहे. बोलला तर ठीक. नाही बोलला तर पुन्हा जाईन, त्याच्या दारात बसेन. निकालाची नक्कल काढली आहे. विक्रमच्या परवान्याचा अर्ज ज्या ज्या टेबलावर जाईल त्या त्या टेबलावर त्याच्या पाठोपाठ माझी हरकत जाईल. परदेशी बाईंना मी सगळं लिहून पाठवलंय. त्यांनी उत्तर दिलं, त्याच्या मेळाव्यांना त्या आता येणार नाहीत. हे पहिलं. अजून पुष्कळ बाकी आहे.

ती पेंढी आमच्या दाराच्या मागं उभी आहे. आई झाडताना ती हलवते आणि परत तिथंच ठेवते. लाल रिबीन बापानं सोडून टाकली, उसाचं वाढं आणून पुन्हा बांधली. त्याच्या पद्धतीची गाठ. ती मी ठेवलीय मालकांसाठी. कोर्टाच्या पायऱ्यांवर, फोटोवाल्यासमोर, ती त्यांच्या छातीशी द्यायची आहे. वाळकी म्हणून हलकी वाटेल त्यांना. तर मी त्यांच्या वावरात जाईन, आमच्या त्या विहिरीजवळचा ओला चिखल घेईन, आणि देण्याआधी तो माझ्या हातानं तिच्या बुडाला थापीन.